जोडणी

नागपूरच्या रामदासपेठेत पाऊल टाकताच प्रथम डोळ्यांत भरतात त्या डॉक्टरांच्या पाट्या. कॅनॉल रोडने चालू लागावे, तर दर दहा पावलांवर एखादे रुग्णालय किंवा औषधांचे दुकान लागते. माझी थोरली बहीण लग्न होऊन या वस्तीत आली, तेव्हा मी सेमिनरी हिल्सवर शिकत होतो. ज्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे त्या टेकडीला हे नाव पडले, तिथून सुट्टीच्या दिवशी सायकल दामटत मी ताईकडे येई आणि भाऊजींशी बुद्धिबळाचा डाव मांडी. ते नेहमी जिंकत. प्यादे पुढे सरकवताना त्यांच्या उजव्या हाताची बोटे किती सहज फिरत, ते अजून आठवते.

तोच उजवा हात गेल्या हिवाळ्यात एका पहाटे निकामी झाला. पक्षाघाताचा झटका होता. रुग्णालय हाकेच्या अंतरावर असल्याने उपचार वेळेवर मिळाले. वाचा हळूहळू परतली, पायही बराच सावरला. हात मात्र मागे राहिला. मे महिन्यात सवड काढून मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा घरात एक नवीन वस्तू दिसली. दूरचित्रवाणी संचाखाली प्लेस्टेशन-४ हे खेळाचे यंत्र होते आणि टेबलावर त्याचे बिनतारी नियंत्रक. ताईने सांगितले, रोज संध्याकाळी बापलेक अर्धा तास फुटबॉल खेळतात. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनीच तसे सुचविले होते.

वाचकहो, इथे एक कबुली द्यायला हवी. त्याच वर्षी उपवासकाळातील एका प्रवचनात मी या खेळांवर सडकून टीका केली होती. मुलांना घरातल्या घरात परके करणारी ही यंत्रे आहेत, असे मी म्हणालो होतो. बोलण्यापूर्वी त्यांतले एकही मी कधी हातात घेतले नव्हते.

पण मी पोहोचलो त्या दिवशी खेळ बंद पडलेला होता. नियंत्रकावरील मधले बटण दाबले की समोरची पट्टी पांढऱ्या प्रकाशाने काही क्षण लुकलुके आणि विझून जाई. पडद्यावर काहीच हलत नसे. दोन दिवस असेच चालले होते. भाचा खासगी शिकवणीला गेला होता. बाहेर ऊन रणरणत होते, कूलरच्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला होता, आणि भाऊजी ते नियंत्रक मांडीवर घेऊन अंगठ्याने पुन्हा पुन्हा बटण दाबीत होते. ताई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “अरे, ते म्हणतात, बोटातला जोर गेला. उद्यापासून व्यायामाच्या बाईंना येऊ नका म्हणून सांग, असे सकाळी म्हणाले.”

माझ्या काळजात चर्र झाले. ज्या माणसाला आपल्या हातावर आधीच भरवसा उरलेला नाही, तो यंत्र बिघडले तरी दोष स्वतःच्या हातालाच देणार!

मी बाहेर येऊन भाऊजींच्या शेजारी बसलो. “मला द्या पाहू,” म्हटले, आणि माझ्या धडधाकट अंगठ्याने तेच बटण दाबले. पट्टी लुकलुकली आणि विझली. पुन्हा दाबले, पुन्हा तेच.

“भाऊजी, माझ्याही बोटातला जोर गेला म्हणायचा का?”

ते कितीतरी वेळ त्या पट्टीकडे पाहत राहिले. मग एकेक शब्द जुळवीत म्हणाले, “मग... दोष कुठे आहे, फादर?”

ते मलाही ठाऊक नव्हते. मी माझ्या धर्मग्रामातील युवक मंडळाच्या एका मुलाला दूरध्वनी केला. उपवासकाळातले ते प्रवचन त्याने पहिल्या बाकावर बसून ऐकले होते. क्षणभर तो गप्प राहिला. त्यानंतर, देव त्याचे भले करो, एकही टोमणा न मारता त्याने सारे क्रमाने समजावून सांगितले. प्रथम विजेरी भरलेली आहे का, ते पाहा. मग यंत्र बंद करा. नियंत्रकाच्या पाठीवर डाव्या बाजूच्या बटणांजवळ एक बारीक छिद्र आहे, त्यात टाचणी घालून आतली कळ पाच सेकंद दाबून धरा. त्यानंतर यंत्र सुरू करून वायरीने दोन्ही जोडा आणि मधले बटण दाबा. “आणि फादर, एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या, तर दोष कोणता ते कळत नाही.” तर्कशास्त्राच्या वर्गात मी हेच शिकलो होतो, या मुलाने ते आचरणात आणले होते.

आम्ही वायर लावली. पट्टी नारिंगी प्रकाशाने मंदपणे उजळू लागली, म्हणजे विजेरी भरत होती. टाचणीचा उपाय केला. यंत्र सुरू करून पुन्हा वायर जोडली, बटण दाबले. जोडणी होईना! पुन्हा दूरध्वनी केला. तेव्हा त्याने दोन प्रश्न विचारले: हे नियंत्रक मध्यंतरी दुसऱ्या कशाला जोडले होते का? आणि ही वायर कशाची आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर घरात कोणाजवळ नव्हते. दुसऱ्यातून मात्र उलगडा झाला. ती वायर विजेरीवर चालणाऱ्या एका स्वस्त दिव्याबरोबर आलेली होती. अशा काही वायरींत केवळ वीज वाहणाऱ्या दोन तारा असतात. माहिती वाहणाऱ्या आणखी दोन तारा त्यांत नसतातच. वरून पाहता दोन्ही वायरी सारख्याच दिसतात, नारिंगी दिवाही दोन्हींनी लागतो. एकीने पोट भरते, पण संभाषण होत नाही. मी ताईला विचारले, “पूर्वी तू फोनमधली छायाचित्रे संगणकावर उतरवीत असस, ती वायर आहे का?” ज्या वायरीतून छायाचित्रे गेली होती, तिच्यात माहितीच्या तारा असणारच. कपाटाच्या खणातून तिने ती शोधून काढली. ती जोडली आणि मी नियंत्रक भाऊजींच्या उजव्या हातात दिले. “तुम्हीच दाबा.”

त्यांनी दाबले. पट्टी निळी झाली आणि निळीच राहिली.

संध्याकाळी भाचा आला. निळा प्रकाश पाहून दारातच थबकला आणि त्याचे डोळे भरून आले. दोन दिवसांपूर्वी रात्री त्याने नियंत्रक स्वतःच्या फोनला जोडले होते. हे नियंत्रक एका वेळी एकाच धन्याचा पत्ता लक्षात ठेवते. नवा मिळाला की जुना विसरते. ते यंत्राला परत जोडायचा प्रयत्न त्याने त्याच निरुपयोगी वायरीने केला होता, आणि आपल्या हातून ते मोडले, असे समजून तो गप्प बसला होता. “मामा, पप्पांना वाटलं त्यांचा हात... आणि मी काहीच बोललो नाही.” भाऊजींनी डाव्या हाताने त्याला जवळ ओढले. मला तिथे बोलण्यासारखे काही नव्हते.

रात्री गच्चीवर भाच्याने विचारले, “वायर नसताना ते एकमेकांना ओळखतात तरी कसे?” मी त्याला प्रथम जगदीशचंद्र बोस यांची गोष्ट सांगितली. १८९५ साली कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी भिंतींपलीकडे विद्युतलहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. त्यांना भौतिकशास्त्राची गोडी लावली ती सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय फादर लाफों यांनी. मग आम्ही ब्लूटूथकडे वळलो. दहाव्या शतकात डेन लोकांना एकत्र आणणारा राजा हॅराल्ड ब्लूटूथ याचे नाव १९९७ साली जिम कार्डाक या अभियंत्याने या तंत्राला सुचविले. २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ७९ वाटा आहेत. जोडलेली दोन उपकरणे सेकंदाला १६०० वेळा वाट बदलतात, आणि कोणत्या क्षणी कोणत्या वाटेवर भेटायचे, ते जोडणीमुळे दोघांनाही ठाऊक असते. वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात गलबला करतात. “म्हणूनच खेळाडू मध्येच अडखळतो!” भाचा म्हणाला. यंत्र लोखंडी कपाटात होते आणि वाय-फायचा डबा त्याच्यावरच. दुसऱ्या दिवशी यंत्र उघड्यावर आणले, डबा दूर नेला आणि अडखळणे बरेच कमी झाले.

या खेळाने हात बरा होतो काय? येथेही अतिशयोक्ती नको. कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली ७२ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांत पक्षाघाताचे २,४७० रुग्ण होते. नेहमीच्या व्यायामाऐवजी असे संगणकीय खेळ दिले, तर हाताला अधिक लाभ होतो असे दिसले नाही. व्यायामाला जोड म्हणून दिले, म्हणजे एकूण सराव वाढला, तर मात्र लाभ होऊ शकतो. व्यायामाच्या बाईही तेच म्हणाल्या: “हा खेळ म्हणजे चटणी आहे, जेवण नव्हे.” अपंगांना सोयीची पडतील अशी मोठ्या बटणांची नियंत्रकेही आता मिळतात, मायक्रोसॉफ्टने २०१८ साली तसे एक बाजारात आणले. भाऊजींना मात्र सध्या त्याची गरज वाटत नाही.

बाईंचे येणे चालू राहिले. मी निघालो त्या संध्याकाळी भाऊजी मुलाकडून तीन-एकने हरले. तो एक गोल त्यांनी उजव्या अंगठ्याने मारला होता, आणि मुलाने तो मुद्दाम सोडला नव्हता, हे त्याच्या चिडण्यावरून स्पष्ट दिसत होते.

परत आल्यावर मी युवक मंडळाच्या बैठकीला गेलो. उपवासकाळात मी जे बोललो, त्यातले निम्मे न पाहता बोललो होतो, असे सर्वांसमोर सांगितले. पहिल्या बाकावरचा तो मुलगा खाली मान घालून हसला. मग त्याने एवढेच विचारले, “फादर, ती वायर नीट जपून ठेवली आहे ना?”

ठेवली आहे. ताईने तिला एक कागदी चिठ्ठी बांधली आहे. “हलवू नये,” एवढेच तिच्यावर लिहिले आहे. अक्षर वाकडेतिकडे आहे, कारण ते भाऊजींनी उजव्या हाताने लिहिले आहे.