चौथा हिस्सा

परवां रात्रीं जेवण आटोपून मी वर्तमानपत्र चाळीत बसलों होतों, तोंच पुण्याहून भाचीचा फोन आला. अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण होऊन ती गेल्या जूनमध्यें हिंजवडीच्या एका कंपनींत नोकरीला लागली, आणि आणखी तिघी मुलींबरोबर वाकडला एक फ्लॅट भाड्यानें घेऊन राहते. एरवीं फोन उचलतांच ती पहिल्यांदा माझी थट्टा करते. त्या रात्रीं तिनें सरळ मुद्द्यालाच हात घातला.

"मामा, तुझें सगळें आयुष्य हिशेबांत गेलें. मला एवढेंच सांग, विजेचें बिल चौघींत कसें वाटायचें?"

"चार सारखे भाग करायचे," असें म्हणून मी मोकळा झालों. पण प्रश्न इतका सोपा नव्हता. चौघींपैकीं एकीचें काम अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणें चालतें. खोलींतला दिवा आणि एसी रात्रभर चालूं ठेवून ती संगणकापुढें बसलेली असते. माझी भाची त्याच खोलींत तोंडावर ओढणी घेऊन झोपेची आराधना करते. आणि महिना संपला कीं फोनमधलें हिशेबाचें ॲप त्या बिलाचे अगदीं सारखे चार तुकडे करून चौघींपुढें ठेवतें.

"तिच्या दिव्यानें झोप माझी जायची, आणि त्या दिव्याचे पैसेही मींच भरायचे! याला न्याय म्हणायचें का, मामा?"

मीं कांहींतरी गुळमुळीत उत्तर देऊन फोन ठेवला. मामाला झोप आली असावी, अशी तिनें स्वतःची समजूत करून घेतली असेल. खरें म्हणजे माझी झोप उडाली होती. त्या खटल्यांत फिर्यादी म्हणून माझी भाची उभी होती खरी. पण आरोपीच्या पिंजऱ्यांत मीं कधींही न पाहिलेली ती मुलगी मला दिसेना. तेथें मला मीच उभा दिसलों.

ती गोष्ट १९७९ सालची. रत्नागिरीच्या कॉलेजांतून बी. कॉम. होऊन मी जूनच्या पहिल्या पावसांत मुंबईला आलों. कोकण रेल्वे पुरती सुरू व्हायला १९९८ साल उजाडावें लागलें. त्या वेळीं रात्रभर एस. टी. च्या खिडकीशीं डोकें आपटून घेत मुंबई गांठण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. एका खासगी कचेरींत मला कारकुनाची जागा मिळाली होती. पदवीचा कागद ट्रंकेच्या तळाशीं ठेवतांना आपण मोठे झालों असें मला वाटलें, आणि पहिला पगार हातांत पडेपर्यंत तें वाटणें टिकलेंही. पुढें हळूहळू ध्यानांत आलें कीं आपल्या आयुष्यांतून एक वस्तु नाहींशी झाली आहे. ती वस्तु म्हणजे जून महिना. शाळा-कॉलेजाच्या पंधरा वर्षांत जून म्हणजे नवा वर्ग, नवीं पुस्तकें, मागच्या चुका पुसून टाकून नव्यानें आरंभ करण्याची मुभा. कचेरींत जून येतो तो इतर अकरा महिन्यांसारखाच. तेंच टेबल, तीच खतावणी, आणि दहा मिनिटें उशीर झाला तर हजेरीपटावर तीच लाल खूण. येथें कोणी नापास होत नाहीं, पण वरच्या वर्गांतही कोणी घालीत नाहीं, हें समजायला मला पहिलें वर्ष लागलें.

राहण्याची सोय लालबागच्या एका चाळींत झाली. आमच्या गांवच्या माणसांची तेथें एक खोली होती. गिरणगांवांत त्या काळीं अशा गांवकीच्या खोल्या पुष्कळ असत; गोव्याच्या एकेका गांवचीं माणसें धोबीतलावाकडे आपापल्या 'कूडां'त अशींच मिळून राहत. परक्या माणसाला मुंबईंत बिऱ्हाड मिळणें तेव्हां फार कठीण झालें होतें. १९४७ च्या कायद्यानें जुनीं भाडीं गोठलेलीं होतीं. त्यांत १९७३ सालीं अशी दुरुस्ती झाली कीं त्या वर्षाच्या १ फेब्रुवारीला जो केवळ परवान्यानें दुसऱ्याच्या जागेंत राहत होता, त्यालाही भाडेकरूचें संरक्षण मिळालें. तेव्हांपासून अनोळखी माणसाला घरांत घ्यायला कोणी सहसा धजेना. माझ्याजवळ पागडीला पैसे नव्हते. गांवचें नांव हीच माझी पागडी.

खोली दहा फूट रुंद, बारा फूट लांब. कोपऱ्यांत मोरी, मोरीजवळ पाण्याचें एक पत्र्याचें पिंप, भिंतीशीं चार ट्रंका, चार वळकट्या, आणि छताच्या मधोमध लोंबणारा एक दिवा. आम्ही चौघे होतों. एक छापखान्यांतला जुळारी, एक गोदींतला नोकर, मी, आणि आम्हां सर्वांहून वडील असलेले नाना. नाना गिरणींत साच्यावर होते. त्यांची बायको-मुलें गांवीं असत, आणि गणपतीला व शिमग्याला ते गांवीं जात. जेवण खाणावळींत. तेथें खाडा झाला तर त्या जेवणाचे पैसे कापून मिळत, आणि महिनाअखेर खाड्यांवरून वाद होत. खाणावळी चालविणाऱ्या बहुतेक बायकाच असत. गिरणीकामगारांना त्या उधारीवर जेवूं घालीत आणि स्वतः सावकाराच्या व्याजांत बुडत. त्यांना त्यांतून सोडविण्यासाठीं प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें, ही गोष्ट पुष्कळ वाचकांना ठाऊक असेलच.

मी येण्यापूर्वीं खोलीचा खर्च कसा चाले, कोण जाणे. ज्याच्या खिशांत पैसे असत तो रॉकेल आणी, दुसऱ्या कोणाच्या तरी लक्षांत आलें तर तो भाडें भरी. वाणिज्याच्या पदवीधराला हें पाहवेना. मीं निळ्या पुठ्ठ्याची एक वही आणली. भाडें, वीज, रॉकेल, चहा-साखर, केरसुणी असे रकाने आंखले, आणि महिनाअखेर बेरजेला चारानें भागून प्रत्येकाचा हिस्सा मोठ्यानें वाचून दाखवूं लागलों. नानांनीं ती वही कधींही हातांत घेऊन पाहिली नाहीं. "तुझ्या वहींत आहे ना? मग झालें," असें म्हणून ते कनवटीचे पैसे पुढें करीत. खोलींत शिस्त आली ती माझ्यामुळें, असा मला अभिमान वाटे.

मला एक सवय होती. रात्रीं एक वाजेपर्यंत वाचल्याशिवाय मला झोप येत नसे. ही सवय आहे हेंसुद्धां मला तोंवर ठाऊक नव्हतें. घरीं मी वाचीत बसलों कीं आई हळूच दार लोटून घेई, वडील भिंतीकडे तोंड करून झोपत, आणि सकाळीं शेजाऱ्यांपाशीं माझ्या वाचनाचें कौतुक होई. आपल्या सवयी घरीं कोणीतरी सोशीत असतें; त्यांना आपण आपला स्वभाव म्हणतों. लालबागच्या त्या खोलींतही मी मधोमध बसून एक वाजेपर्यंत कादंबऱ्या वाचूं लागलों. जुळारी आणि गोदीवाले दगडासारखे झोपत. नाना आपली वळकटी उचलून गॅलरींत जात. त्यांना उघड्यावरचा वारा आवडतो, असें मीं ठरवून टाकलें.

पहिली पाळी असली म्हणजे नाना साडेचारला उठत. त्याच सुमारास नळाला पाणी येई. चाळींत पाण्यासाठीं रांग लागे, आणि उशीर करणाराच्या वांट्याला करंगळीएवढी धार उरे. आम्ही तिघे जागे होत असूं तेव्हां पिंप कांठोकांठ भरलेलें असे. पाळी बदलली तरी पिंप भरण्याच्या वेळेंत फरक पडत नसे. हें काम त्यांच्याकडे कोणी सोंपविलें होतें? कोणींच नाहीं. माझ्या वहींत पाण्याचा रकाना नव्हता, कारण पाण्याला पैसे पडत नसत.

दुसऱ्या वर्षींच्या पावसाळ्यांत एके रात्रीं मी कांहीं कारणानें दार उघडून बाहेर आलों. पाऊस तिरपा लागला होता. गॅलरीची फरशी पार भिजून गेली होती, आणि नाना घोंगडी पांघरून, भिंतीला पाठ टेकून, बसल्या बसल्या डुलक्या घेत होते.

"नाना, आंत कां नाहीं येत?"

"दिवा डोळ्यांवर येतो रे," ते म्हणाले. "असूं दे. तुझें होऊं दे."

मी ओशाळलों. आंत जाऊन लगेच दिवा मालवला. चार दिवस मीं दहा वाजतां पुस्तक मिटलें आणि नाना आंत झोपले. पांचव्या दिवशीं एका कादंबरीचें शेवटचें प्रकरण राहिलें होतें. त्यानंतर दिवा पुन्हां पूर्वीसारखा एकपर्यंत जळूं लागला, आणि नानांची वळकटी पुन्हां गॅलरींत गेली. त्यांनीं दुसऱ्यांदा कांहीं सांगितलें नाहीं. मीही विचारलें नाहीं. त्या दिव्याच्या बिलाचा चौथा हिस्सा ते दर महिन्याला भरीत राहिले.

१८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं मुंबईंतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले. तो मागें घेतल्याचें रीतसर जाहीर असें कधींच झालें नाहीं. गिरण्या मात्र एकेक करून कायमच्या थंडावल्या, आणि त्यांच्या जागांवर आज उंच इमारती उभ्या आहेत. त्या जानेवारींत हें कोणालाच दिसत नव्हतें. पहिले कांहीं दिवस नाना सभांना जात, संध्याकाळीं उत्साहानें बातम्या सांगत. पुढें बातम्या थांबल्या. भोंग्याची सवय झालेल्या आमच्या कानांना ती शांतता चमत्कारिक वाटे. फेब्रुवारीच्या अखेरीस मीं हिस्से वाचले तेव्हां नाना म्हणाले, "माझे लिहून ठेव." मीं लिहून ठेवलें. मार्चमध्यें लिहिलें, एप्रिलमध्यें लिहिलें. हिस्सा चोवीस रुपयांचा. दर महिन्याला मी मागील बाकी धरून आंकडा वाचीत असें, कारण न वाचणें हें इतर दोघांवर अन्याय करण्यासारखें आहे, असें माझें मत होतें. आंकडा वाचला जात असतां नाना खिडकीबाहेर पाहत. सकाळचें पिंप मात्र त्या नऊ महिन्यांत एकदांही रिकामें राहिलें नाहीं.

दिवाळीच्या आधीं ते गांवीं परत गेले. त्या दिवशीं वहींत त्यांच्या नांवावर दोनशें सोळा रुपये बाकी होती. ती आतां बुडाली असेंच आम्हीं धरून चाललों. पुढच्या जानेवारींत वीस रुपयांची मनिऑर्डर आली. खालच्या कुपनावर कोणा मुलाच्या अक्षरांत दोन शब्द होते : "नोंद करणें." नंतर दीड-दोन महिन्यांच्या अंतरानें वीस-वीस रुपये येत राहिले, शेवटची मनिऑर्डर १९८४ च्या पावसाळ्यांत आली, ती सोळा रुपयांची. अकरा वेळां मीं सही करून पैसे घेतले आणि अकरा वेळां वहींत नोंद केली. ते परत पाठवावे असें माझ्या मनांत आलेंच नाहीं, असें म्हणणें खोटें होईल. आलें होतें. पण हिशेब म्हणजे हिशेब, असें मीं स्वतःला बजावलें, आणि तसें बजावतांना मला आपल्या नीतीचें थोडें कौतुकही वाटलें.

नाना १९९६ सालीं वारले. मला तें सहा महिन्यांनीं कळलें.

भाचीचा फोन ठेवल्यावर मीं माळ्यावरची ट्रंक काढली. निळा पुठ्ठा उंदरांनीं एका कोपऱ्यांत कुरतडला आहे. आंतलें अक्षर शाबूत आहे. कागद-पेन्सिल घेऊन मी उलटा हिशेब मांडूं लागलों. तीन वर्षांच्या बिलांपैकीं रात्री दहानंतरच्या माझ्या दिव्याचें किती, त्यांत नानांनीं भरलें किती, हें ढोबळ मानानें काढतां आलें. रक्कम अगदींच लहान निघाली. मग पाण्याचें काढूं लागलों. रोज एक पिंप, तीन वर्षांहून थोडे अधिक दिवस, त्यांतून गणपति-शिमग्याची रजा वजा. दिवस मोजतां आले. दर कोणता लावावा तें कळेना, आणि गॅलरींतल्या रात्रींना दर कोणता, हा प्रश्न तर मीं कागदावर मांडलाच नाहीं.

"अहो, एक वाजला. दिवा मालवा आतां," पलंगावरून पत्नीचा आवाज आला. चाळीस वर्षें ती हें वाक्य म्हणत आली आहे. कधीं गोडीनें, कधीं त्राग्यानें, कधीं स्वतः उठून बटण दाबून. नानांनीं तें एकदांच म्हटलें होतें, आणि तेंही मीं विचारल्यावर. एकदां सांगितल्यानें मी चार दिवस सुधारलों. चाळीस वर्षें सांगितल्यानें निदान दिवा मालवण्यापुरता माणूस झालों. नानांच्या सोसण्याला मी आजवर मनांतल्या मनांत नमस्कार करीत आलों होतों. त्या नमस्कारांत माझीही सोय होती, हें मात्र त्या रात्रीं प्रथमच दिसलें.

सकाळीं मीं भाचीला फोन केला.

"त्या मुलीला सांग," मी म्हणालों. "भांडूं नकोस, पण स्पष्ट सांग. आणि एकदां सांगून थांबूं नकोस. दिवा विझेपर्यंत सांगत राहा."

"तिला वाईट वाटलें तर?"

"वाटूं दे. मला वाटायला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला."

याचा अर्थ तिला लागला नसावा. क्षणभर ती गप्प राहिली. मग तिचा तो मुद्द्याचा स्वर परत आला. "आणि बिलाचें काय करायचें तें सांग ना. चार सारखे भाग करायचे, कीं नाहीं?"

याचें उत्तर अजून मला देतां आलेलें नाहीं. रविवारीं ती घरीं येणार आहे. निळी वही मीं परत ट्रंकेंत ठेवलेली नाहीं.