तान्जिरोची पारख

चौकड्यांचं कापड शिवायला दिलं की शिंपी खरा कारागीर आहे की नुसताच स्वस्त, ते शिवणीवर कळतं. चौकडीला चौकडी भिडली पाहिजे. माझ्या आईने शिकवलेली ही अक्कल पन्नाशी उलटल्यावर जपानी बाहुल्यांवर चालवावी लागेल, असं कधी वाटलं नव्हतं.

बाहुल्या म्हटलेलं आमच्या चिरंजिवांना खपत नाही. 'फिगर' म्हणायचं. तो नोकरीला पुण्यात आणि त्याचं काचेचं कपाट इथे भोपाळला, आमच्याकडे. "परिग्रह म्हणतात तो हाच," असं आमचे हे दर रविवारी म्हणतात, आणि ओल्या फडक्याने धूळही तेच पुसतात.

तर झालं असं, की कोलार रोडवरचा इंजिनिअरिंगचा एक मुलगा आपल्या सहा फिगर विकायला काढून बसला होता. लेकाने फोन केला, "मम्मी, तू जाऊन बघून ये ना." आधी तासभर माझी शिकवणी झाली. मला वाटायचं, 'मेड इन चायना' दिसलं की माल नकली. तसं नाही. अस्सल जपानी कंपन्यांचा बराचसा माल चीनमध्येच बनतो. बानप्रेस्टोच्या पुष्कळ फिगर तर मुळात तिकडच्या गेम सेंटरमध्ये यंत्राच्या पंजाने उचलून जिंकायच्या बक्षिसाच्या वस्तू. म्हणजे अस्सल असूनही त्या फार महागड्या, फार नाजूक कामाच्या नसतात. अस्सल आणि उत्तम हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

बघायचं काय? आधी चेहरा. डोळे छापलेले असतात, त्यांच्या कडा कोरीव हव्यात. बुबुळ जरा सरकलं की शूर वीर एकदम बावळट दिसतो. मग कातडीचा रंग. तो मंद हवा, तेल चोपडल्यासारखा चकाकला की शंका घ्यायची. केसांची टोकं अणकुचीदार आहेत की वितळल्यासारखी बोथट, ते बघायचं. दोन भाग जोडल्याची रेघ कुठे दिसते? पायातली भोकं बैठकीच्या खुंट्यांवर नीट बसतात का? आणि वास घ्यायचा. नकली प्लास्टिकचा डबा उघडला की पुष्कळदा उग्र भपकारा येतो. चिकटपणावरून मात्र निकाल द्यायचा नाही. बंद डब्यात, आपल्या मे महिन्याच्या उकाड्यात अस्सल पीव्हीसीसुद्धा चिकट होतं. वाकलेली तलवारही गरम पाण्यात धरून सरळ करता येते, तो दोष नव्हे.

मुलगा सज्जन होता. त्याने खुर्ची पुसून दिली, पाणी आणलं. पाच फिगर मी पटापट बाजूला ठेवल्या, चांगल्या होत्या. सहावा तान्जिरो. 'डीमन स्लेयर'मधला तो कोळसा विकणारा पोरगा, कपाळावर डाग, अंगात हिरव्या-काळ्या चौकडीचा अंगरखा. चौकडी बघताच माझा हात थांबला. पाठीवर ठीक होती, पण बाहीच्या चुणीत शिरली की हिरवा काळ्यात पसरलेला. बाहीची चौकडी खांद्याच्या चौकडीशी कुठेच जुळेना. कपाळावरचा डाग म्हणजे नुसता लाल ठिपका. वासही होताच.

"हा अस्सल नाही रे बाळा."

त्याचं तोंड उतरलं. "आंटी, भैयाने पहिल्या पगारातून दिला होता. पूरे पैसे देऊन."

आता काय बोलणार? त्याला सेमिस्टरची फी भरायची होती. दोन हजार मागत होता. क्षणभर वाटलं, देऊन टाकावेत, पोराला मदत होईल. पण मग खोटी वस्तू खरी म्हणून माझ्या हातानेच पुढे गेली असती. दसलक्षणात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचला जातो. अचौर्याच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' येतो, खऱ्यात खोटं मिसळून खपवणं. मी इतकी वर्षं त्याचा अर्थ तुपातली भेसळ एवढाच धरत आले.

"अर्ध्यात घ्या," तो म्हणाला.

"माझं जाऊ दे. दुसऱ्या कुणाला विकलास तर नकली आहे हे सांगून वीक."

तो गप्प राहिला. मग तान्जिरोला खिडकीपाशी नेऊन त्याने स्वतःच बाही निरखली, बराच वेळ. "भैयाला माहीत नसणार," म्हणाला.

"कसं माहीत असेल? मलाही आज सकाळीच कळलंय."

यावर तो हसला. तान्जिरोला त्याने टेबलावर, पुस्तकांच्या शेजारी उभं केलं. तो जरासा पुढे झुकलेला होता, म्हणून पायाखाली कागदाची घडी सारली. उरलेल्या पाचांचे पैसे लेकाने पुण्याहून फोनवरून पाठवले, आणि मी डबे पिशवीत भरले.