कुसुंबाची लाल पाने

आमचे चिरंजीव बॉस्टनला असतात. दर ऑक्टोबरात त्यांच्याकडून छायाचित्रे येतात. पेटल्यासारखे लाल मेपल, पिवळे बर्च आणि त्यांखाली मफलर गुंडाळलेली आमची नात. "आईला घेऊन एकदा या ना, बाबा!" हा आग्रहही ठरलेला. पण हिच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेपासून डॉक्टरांनी एवढा लांबचा प्रवास वर्ज्य सांगितला आहे. ही चित्रे पाहते, "छान आहे हो," म्हणते आणि उगीचच चष्मा पुसत बसते.

गेल्या फाल्गुनात मुलगा नातीला घेऊन सहा वर्षांनी घरी आला, तेव्हा ही म्हणाली, "आता आपली लाल पाने पाहायला चला."

"पनवेलला? लाल पाने?" मुलगा हसला. दोष त्याचा नव्हता. मार्च म्हणजे परीक्षेचा महिना. आमच्या मुलांनी तो पुस्तकात डोके घालूनच काढला!

रविवारी सकाळी निघालो. उजव्या बाजूने गाडी हाकण्याची चिरंजीवांना सवय, म्हणून चाक माझ्याच हाती. 2002 साली द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाल्यापासून मुंबईकरांच्या लेखी पनवेल हे थांबायचे नव्हे, ओलांडायचे गाव झाले आहे. आम्ही त्या मार्गाकडे पाठ केली आणि सुकापूरवरून नेऱ्याचा रस्ता धरला. इमारती मागे पडल्या, भाताची कापलेली खाचरे लागली. उजव्या हाताला प्रबळगड, त्याच्या पलीकडे माथेरान. माथेरानवर मोटारीला बंदी. पायथ्याला मात्र ती खुशाल हिंडते. पुढे पनवेलला पाणी पुरवणारे देहरंगचे धरण.

डोंगर अगदी उघडे होते. सागाची पाने गळून वाळली होती, पळसाला पानांऐवजी फुलेच होती. आणि त्या करड्या उतारावर एकदम एक झाड दिसले, तांब्याच्या घंगाळासारखे लखलखीत. मग दुसरे, तिसरे.

"मेपल!" नात ओरडली.

"कुसुंब," ही म्हणाली. "बियांचे तेल काढतात याच्या."

गाडी थांबवून झाडाखाली गेलो. उन्हात पाने रेशमासारखी मऊ लागत होती. नातीने एक पान हातात घेतले आणि चकित झाली. "आजी, हे तर नवीन आहे. लाल पाने गळायची असतात ना?"

मुलाने तिला समजावले. तिकडे थंडीच्या तोंडावर पानातले हरितद्रव्य मोडते, आधीचा झाकलेला पिवळा उघडा पडतो आणि काही झाडांत लाल रंग नव्याने तयार होतो. मग पान गळते. इथे उलट. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरेसे भरलेले नसते, म्हणून त्यातला लाल रंग दिसतो. कडक उन्हापासून तो पानाला जपतो, असे अभ्यासक मानतात. पंधरा-वीस दिवसांत पान हिरवे होते.

ही शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "एवढे कशाला? तान्हे बाळ लालच असते. तुझा बाबाही होता."

मुलगा काही बोलला नाही. आईचा हात धरून तिला उतारावरून जपून गाडीपर्यंत घेऊन आला. येताना मात्र ती माझ्या हाताला धरून चढली होती, हे माझ्या लक्षात आले.

ज्यांना जायचे असेल त्यांनी होळीच्या मागेपुढे आठवडाभरात, सकाळी लवकर जावे. पाण्याची बाटली न्यावी आणि रिकामी परत आणावी. वाळल्या गवतात विडी-सिगारेट टाकू नये. एका ठिणगीने वणवा लागतो आणि कोवळी रोपे जळून जातात.

परवा बॉस्टनहून यंदाची छायाचित्रे आली. पाठोपाठ फोन. पलीकडून नातीने विचारले, "आजी, आपला कुसुंब कसा आहे?"

"हिरवागार आहे, बाळ," ही म्हणाली. "फाल्गुनात ये."

या खेपेला तिने चष्मा पुसला नाही.