चुकलेली वेळ

शब्दकोश चाळण्याचा मला जुना छंद आहे. त्या छंदापायी इंग्रजीतला एक विरळा शब्द हाती लागला, 'कॉन्ट्रटाँ'. शेवटचे 'पी' आणि 'एस्' लिहायचे, पण उच्चारायचे नाहीत! अर्थ असा : ऐनवेळी ओढवलेला अवघड प्रसंग, फजिती, किरकोळ खटका. मूळ फ्रेंचमध्ये 'काँत्र' म्हणजे विरुद्ध आणि 'ताँ' म्हणजे वेळ. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो तलवारबाजीच्या परिभाषेतून इंग्रजीत शिरला. भलत्या क्षणी केलेला वार, तो 'कॉन्ट्रटाँ'.

आपल्याकडे फजिती आहे, पंचाईत आहे. पण वेळ चुकल्याची खूण त्या शब्दांत नाही. या परदेशी शब्दाला चपखल उदाहरण मात्र आमच्या यवतमाळनेच दिले. जानेवारी २०१९ मध्ये येथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले आणि संमेलन तोंडावर आले असता ते मागे घेतले गेले. पाहुण्याला बोलावून 'येऊ नका' म्हणायचे! यजमानाची याहून मोठी पंचाईत कोणती?

अखेर उद्घाटन केले वैशाली येडे यांनी. त्या याच जिल्ह्यातल्या. त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली होती. निमंत्रणाच्या घोळाला 'कॉन्ट्रटाँ' शोभतो. पण त्यांच्या वाट्याला आले त्याला काय म्हणावे?

आपण 'दुर्दैव' म्हणतो आणि मोकळे होतो. दुर्दैव म्हटले की सारा दोष कपाळाचा! पण आमच्याकडची कपाशी बहुतांशी पावसाच्या भरवशावर. मृगात पेरावे, तर पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणी येते. बोंडे फुटावीत, तर अवकाळी पाऊस कापूस भिजवतो. कर्जाची तारीख तेवढी चुकत नाही! 'अवकाळी' या शब्दातही तीच चुकलेली वेळ आहे. फक्त त्याचे ओझे फार निराळे.

पाहुण्यांची क्षमा मागता येते. हुकलेला हंगाम क्षमा मागून परत येत नाही. म्हणून मित्रहो, मांडवातल्या फजितीला तो परदेशी शब्द खुशाल वापरा. शेतातल्या आपत्तीला 'दुर्दैव' म्हणण्यापूर्वी मात्र एवढे विचारा : वेळ चुकली ती कोणाची? पावसाची, कर्ज देणाऱ्यांची, की आपणा सर्वांची?