पाण्यासोबत काही सांगायचं नाही

जालन्यात 'मिशन' म्हणलं की कुणी दवाखान्याचं नाव घेतं, कुणी शाळेचं. "माझा जन्म मिशनमधला" असं सांगणारी माणसं मला एसटीत भेटलेली आहेत. त्यात गळ्यात माळ घातलेले वारकरी होते तसे नमाज पढणारेही होते. चर्चची आठवण त्यांना शेवटी येते. मला त्याचं वाईट वाटत नाही. आमची ओळख लोकांच्या ध्यानात राहिली ती कामावरून.

आमची मंडळी म्हणजे अंबड रस्त्याच्या बाजूच्या खेड्यातली एकोणीस घरं. माझ्या लहानपणी चाळीसच्या वर होती. पोरं शिकली, कुणी पुण्याला गेलं, कुणी वाळूजच्या कंपनीत लागलं. माझीही दोन्ही लेकरं तिकडंच आहेत. दुसरं एक कारण मोठ्यानं कुणी बोलत नाही. १९५० च्या सरकारी आदेशानं ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीची सवलत राहिली नाही. त्यामुळं कागदावर एक धर्म आणि रविवारी एक, अशी काही घरांची ओढाताण झाली. पोटासाठी कुणी कागद धरला तर त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

होता होता रविवारच्या भक्तीला बारा-पंधरा म्हातारी माणसं उरली. पेटी वाजवणारा गेला, तबला माळ्यावर पडला. पाळकसाहेब तीन गावं सांभाळतात, आमच्याकडं महिन्यातून दोनदा येतात. देवळाला चुना लावायचा, नाताळला दिवे लावायचे, हंगामाच्या सणाला लिलाव करायचा, एवढंच मंडळीचं काम राहिलं होतं.

हंगामाचा सण बाहेरच्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. शेतातलं पहिलं पीक वेदीपुढं आणून ठेवायचं. ज्वारीची कणसं, तूर, कापूस, भोपळा, अंडी, एखादी कोंबडी. उपकारस्तुती झाली की बाहेर चिंचेखाली सगळ्याचा लिलाव. शंभराची कोंबडी पाचशेला जाते, कारण बोली लावणाराही देवालाच देत असतो. पैसे मंडळीच्या खात्यावर जमा होतात.

२०१२ ला पावसानं दगा दिला. त्या हिवाळ्यात हंगामाचा सण आला तर वेदीपुढं ठेवायला फारसं काही नव्हतं. माझी दोनशे झाडांची मोसंबी सुकत चालली होती. शेजारच्यांनी तर बागा कुऱ्हाडीनं तोडून सरपण केलं होतं. लिलावात सातशे रुपये सुद्धा निघाले नाहीत. त्याच दिवशी पंचांची बैठक बसली. विषय होता चुन्याचा. तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी उठल्या आणि म्हनल्या, "आपल्या बोअरला पानी हाय. वाड्याच्या दाराला कुलूप हाय. बाहिर बाया टँकरची वाट पाहत उन्हात बसत्यात. आधी ते कुलूप काढा, मंग चुन्याचं बघा."

बैठकीत एकदम शांतता झाली. मग वाद सुरू झाला, आणि तो तीन रविवार चालला.

एक म्हणाले, "लोक म्हणतील, पाणी पाजून बाटवायला निघाले. उगं बला कामून ओढवून घ्यायची?" हे भय खोटं नव्हतं. गावात चार शब्द वाकडे बोलणारे असतातच, आणि एकोणीस घरांना भांडण परवडत नाही. दुसरे म्हणाले, "पाणी द्या, पण दोन शब्द वचनाचेही सांगा. नुसतं पाणी द्यायला ग्रामपंचायत आहे की. मग आपलं मिशन ते काय?" त्यांचंही मन खोटं नव्हतं. जे आपल्याला अमोल वाटतं ते दुसऱ्याला सांगू नये, हे त्यांना जड जात होतं.

तेव्हा मी बेथेलची गोष्ट काढली. मी दहावीपर्यंत शिकलेला, पण ही गोष्ट घरात ऐकलेली आणि पुढं वाचूनही काढलेली. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. धाकटा भाऊ श्रीपत त्याच वाटेवर होता, पण कोर्टानं त्याला बापाच्या हवाली केलं. त्याला पुन्हा जातीत घ्यायचं की नाही, यावरून सगळी ब्राह्मण मंडळी भांडली. घ्यावं म्हणणाऱ्यांत बाळशास्त्री जांभेकर होते. अशी घराची ताटातूट सोसून नारायणराव पुढं जालन्याला आले. तेव्हा इथं निजामाचं राज्य आणि इंग्रजांची छावणी होती. त्यांच्याकडं आली ती बहुतेक गावकुसाबाहेरची मांग-महार माणसं. माझे पणजोबा त्यातलेच.

या माणसांना गावात विहिरीवर चढू देत नव्हते. नारायणरावांनी त्यांच्यासाठी जालन्याजवळ एक गावच वसवलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी त्याला जमीन दिली. नाव ठेवलं बेथेल, म्हणजे देवाचं घर. १८७३ साली हा माणूस न्यूयॉर्कच्या परिषदेत बोलून आला आणि परत याच मातीत राबला. १८९१ साली परदेशाहून येता-जाता जहाजावरच त्यांचं निधन झालं. ते उघड उपदेश करत, लपूनछपून काही नव्हतं. पण उपदेशाबरोबर राहायला घर होतं आणि कसायला जमीन होती.

मी पंचांना एवढंच म्हनलो, "आपल्या आज्ज्याला गावच्या विहिरीवर पाणी नव्हतं. आता विहीर आपली आहे आणि कुलूपही आपलंच. शोमरोनी माणसाची गोष्ट आपण शब्बाथ शाळेपासून ऐकतो. त्यानं जखमी माणसाला आधी उचललं. तुझा धर्म कोणता, हे कुठं विचारलं?"

शेवटी पाळकसाहेबांनी तोड काढली. दार उघडायचं. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. प्रत्येक घराला चार हंडे. आणि पाण्यासोबत काही सांगायचं नाही. ना पत्रक, ना प्रार्थना. कुणी आपण होऊन विचारलं तर उत्तर द्यायचं, लाजायचं नाही. वचनाचा आग्रह धरणाऱ्यांना हे अर्धंच वाटलं. एकानं तर दोन महिने देवळात पाऊल टाकलं नाही. पण तिसऱ्या महिन्यात रांग लावायला तेच पुढं उभे होते.

२०१३ चा तो उन्हाळा आम्ही असा काढला. लाईट रात्री दोनला आली की उठून मोटार चालू करायची, टाकी भरायची. म्हाताऱ्या माणसांनी पाळ्या लावून घेतल्या. गंमत अशी की भक्तीला न येणारी आमचीच पोरं सुट्टीला आली आणि पाइप धरून उभी राहिली. एकानं माळ्यावरचा तबला काढून शाई लावून आणला.

पाऊस आला, पण दाराला परत कुलूप लागलं नाही. दिवाळीनंतर इकडची जोडपी ऊसतोडीला जातात, लेकरं म्हाताऱ्यांपाशी राहतात. देवळाच्या पडवीत संध्याकाळी त्यांचा अभ्यास घ्यायला आमच्या दोन सुना बसू लागल्या. कर्जापायी गावात दोघांनी जीव दिला, त्या घरी आमच्या बाया जाऊन बसतात, भाकरी करून ठेवतात. हंगामाच्या लिलावातला अर्धा पैसा आता या कामाला जातो, चुना एक वर्षाआड लागतो.

हिशोब सांगायचा तर मंडळी वाढली नाही. घरं एकोणीसच आहेत, आणि कुणाचा बाप्तिस्मा झाला नाही. "मग मिळवलं काय?" असं आमच्यातलेच काही अजून विचारतात. मला त्यांना एकच दाखवायचं असतं. गेल्या वर्षी बोअरची मोटार जळाली. आम्ही वर्गणीचा कागद काढायच्या आत वस्तीवरच्या चार माणसांनी ती वर ओढली, जालन्याला नेऊन भरून आणली आणि परत सोडली. पैसे घेतले नाहीत. मावशी त्यांना चहा देत म्हनल्या, "आमच्या देवळाची मोटार तुमी कामून केली रं?" त्यातला एक म्हनला, "पानी आमीबी पितो ना, आजी."