बीदरच्या वाटेवरील आमचा नवा सोबती

प्रवासाचा सोबती आपला आपण निवडावा, असा आमचा आजवरचा शिरस्ता होता. गेल्या नाताळानंतर मात्र बीदर व कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांकडे जाण्याचा बेत आम्ही आखला, आणि आमच्या कन्येने आम्हांस न विचारता एक सोबती नेमून टाकला. उंची वीतभर, तोंड काचेचे, खुराक विजेचा. घरात पाऊल टाकताच त्याने आमच्या अंगठ्याचा ठसा, आमचा चेहरा आणि आमची जन्मतारीख मागून घेतली. एवढी चौकशी आमच्या सासऱ्यांनीही मुलगी देताना केली नव्हती.

आमच्यापाशी बटणांचा एक जुना फोन होता. तो वाजे, आम्ही 'हॅलो' म्हणू, आणि याहून अधिक अपेक्षा आम्ही उभयतांनी परस्परांकडून कधी केली नाही. नव्या फोनला आम्ही सहा वर्षे यशस्वी विरोध केला होता. परंतु "पप्पा, एकट्याने एवढ्या लांब जायचे असेल तर हा घेऊनच जायचे," असे कन्येने निक्षून सांगितले, घरच्या मंडळींनी तिची री ओढली, आणि बहुमतापुढे आम्ही मान तुकविली. त्याहून वाईट म्हणजे आमच्या बंडीच्या आतल्या खिशातील नोटा काढून घेण्यात आल्या. आगगाडीत हल्ली रोकड कोण बाळगतो? सगळे पैसे फोनमध्ये आहेत, असे सांगून वरखर्चास म्हणून पाचशे रुपये आमच्या हातावर ठेवण्यात आले. आम्ही फोन कानाशी नेऊन हलवून पाहिला. काही वाजले नाही.

मुंबईहून बीदरला थेट गाडी जाते. तिकीटही फोनमध्येच होते, त्यामुळे रात्रभर आमचा डोळ्याला डोळा लागला नाही. मध्यरात्री फोनची वीज संपली तर पहाटे आपण विनातिकीट प्रवासी ठरणार, या धास्तीने आम्ही दर तासाला उठून त्याची नाडी पाहत होतो. तपासनीस आला, त्याने स्वतःच्या हातातील तसल्याच एका यंत्रात पाहून आमचे नाव उच्चारले, आणि तो पुढे गेला. आमच्या फोनकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. दोन्ही यंत्रांचे आपसांत आधीच ठरलेले असावे.

लातूर मागे पडले तेव्हा चांगले उजाडले होते. उदगीर सुटले, आणि थोड्या वेळाने फोनने गुरगुरून कर्नाटकात आमचे स्वागत केले. आम्ही खिडकीबाहेर पाहिले. तीच काळी जमीन, तीच तुरीची कापणी, तीच शाळू ज्वारी. समोरच्या बाकावरील आजीबाईही उदगीरच्या अलीकडे ज्या भाषेत सुनेविषयी बोलत होत्या, त्याच भाषेत पलीकडेही बोलत राहिल्या. फोनला जी सीमा कळली ती 1 नोव्हेंबर 1956 रोजीची आहे. निजामाच्या राज्यातील जुना बीदर जिल्हा त्या दिवशी तीन राज्यांत वाटला गेला: उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात, जहिराबाद, नारायणखेड आंध्रात, बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात, ज्याचे पुढे 1973 साली कर्नाटक झाले. बोलीला ही वाटणी अजून नीटशी उमगलेली नाही. इकडचे मुसलमान बांधव जी दखनी बोलतात, तिच्यातील 'नक्को' हा शब्द आपल्या 'नको'चाच धाकटा भाऊ आहे.

भालकीस आमचे एक जुने स्नेही राहतात. व्यवसायाने शिक्षक होते, आता वय ऐंशीच्या पुढे. सारे गाव त्यांना मास्तर म्हणते. त्यांच्यापाशी नव्या यंत्राची मनसोक्त निंदा करावी, एवढ्याच हेतूने आम्ही तेथे उतरलो होतो. पाहतो तो मास्तर ओट्यावर बसून त्याच जातीच्या फोनवर भाजीवालीचे अठ्ठावीस रुपये चुकते करीत होते! टोपलीला टांगलेल्या पुठ्ठ्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन होता. इकडे लहानथोर सर्व त्याला 'स्कॅनर' म्हणतात. हा चौकोन 1994 साली जपानात मोटारींच्या सुट्या भागांची मोजदाद ठेवण्यासाठी निघाला, आणि 2016 साली आपल्याकडे फोनवरून पैसे धाडण्याची नवी पद्धत सुरू झाल्यावर तो मेथीच्या जुडीपर्यंत येऊन पोहोचला.

आमची तक्रार ऐकून मास्तर मोठ्याने हसले. "अहो, तुम्ही मुंबईकर एकाच रुपयावर वाढलात. आमच्या वडिलांचा पगार हाली रुपयांत. तुमचा तो कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. लग्नाची याद करायची तरी आधी विचारायचे, हाली की कलदार? मग हाली गेला. तो गेला म्हणून रडणारी माणसं मी पाहिलीत. मग सत्तावन साली नये पैसे आले."

एप्रिल 1957 मधील त्या बदलाची आठवण निघताच मास्तरांची कळी खुलली. तेव्हा ते शाळकरी होते. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. एक आण्याचे सहा नये पैसे, दोन आण्यांचे बारा. परंतु तीन आण्यांचे एकोणीस! हा एकोणिसावा पैसा कोठून आला, हे गावातील वाण्याला सांगता येईना आणि गुरुजींनाही येईना. मास्तरांची आजी तर तीन आण्यांचा जिन्नस घेण्याचेच टाळी. एकदा दोन आण्यांचा, मग घरी येऊन पुन्हा एकदा एक आण्याचा, असा सौदा ती करी, आणि एक पैसा वाचविल्याच्या आनंदात दोन खेपा चाले. "तुम्ही आमच्या आजीच्या गोत्रातले," असा निकाल देऊन मास्तरांनी चहा मागविला. जेथे सहानुभूतीची खात्री होती, तेथेच आमचा हा असा पराभव झाला.

बीदरला पोहोचल्यावर फोनने वाटाड्याची भूमिका घेतली. त्याच्या पोटातील बाई ठणठणीत आवाजात 'उजवीकडे वळा' म्हणे. जुन्या बीदर शहराच्या गल्ल्या पंधराव्या शतकातील सुलतानांच्या वेळच्या. त्या तिला ठाऊक होत्या, पण कोठल्या गल्लीत म्हैस बांधलेली असेल हे तिला ठाऊक नव्हते. शेवटी एका हातगाडीवाल्यास विचारले. तो म्हणाला, "मुंदे, मुंदे." कन्नडात मुंदे म्हणजे पुढे आणि हिंदे म्हणजे मागे, एवढे आम्ही मास्तरांकडून शिकून आलो होतो, परंतु ऐन वेळी दोघांची अदलाबदल करून आम्ही मागे वळलो. तो बिचारा हातगाडी सोडून धावत आला आणि चौबाऱ्याच्या बुरुजापर्यंत आम्हांस पोहोचवून गेला. वाटेत त्याने आमचे गाव, मुलेबाळे आणि गुडघ्यांचे दुखणे यांची विचारपूस केली. फोनमधील बाईने यातील काहीच विचारले नव्हते.

चौबाऱ्यापासून जवळच महमूद गवानचा मदरसा आहे. बहमनी राज्याच्या या इराणी वजिराने तो 1472 साली बांधून पुरा केला. दर्शनी भिंतीवर निळ्याहिरव्या कौलांची नक्षी आहे, ती अर्धीच. कारण मोगलांच्या अमलात येथे दारूगोळा साठविला गेला आणि 1696 साली वीज पडून इमारतीचा मोठा भाग उडाला. गावाबाहेर नौबाद येथे इराणी पद्धतीचाच एक भूमिगत कालवा आहे, त्याला इकडे सुरंग बावी म्हणतात. दोन किलोमीटरांहून अधिक लांबीचा हा बोगदा लाल जांभ्या दगडातून खोदलेला असून वर ठिकठिकाणी विहिरींसारखी तोंडे ठेवलेली आहेत. पाणी केवळ उताराने वाहते. ना मोट, ना रहाट, ना वीज. कित्येक पिढ्या गाळाखाली बुजलेला हा कालवा अलीकडे उपसून मोकळा करण्यात आला. त्याच्या एका तोंडापाशी वाकून आम्ही बराच वेळ उभे होतो. असल्या यंत्राला आमचा कधीच विरोध नव्हता, असे आम्ही फोनला ऐकवले. तेथे त्याला रेंज नव्हती.

बीदरला जाऊन बिदरीचे काम न पाहता परतणे शक्य नव्हते. चौबाऱ्याच्या बाजूच्या रस्त्यावर अनेक कारागिरांची दुकाने आहेत. याच कलेसाठी शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. आम्ही शिरलो ते एका वयस्क कारागिराच्या लहानशा दुकानात. जस्तात थोडेसे तांबे मिसळून भांडे ओततात, कानशीने गुळगुळीत करतात, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरते काळे करून त्यावर नक्षी कोरतात आणि त्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवितात. मग बीदरच्या किल्ल्यातील जुनी माती आणि नवसागर यांचे मिश्रण तापल्या भांड्यावर चोळले, की धातू कायमचा काळाभोर होतो आणि चांदी पांढरीच राहते. ही माती ऊनपाऊस न लागलेल्या जागेचीच लागते, आणि ती योग्य की अयोग्य हे कारागीर जिभेवर ठेवून पारखतात. आमच्यासमोर त्या वृद्धाने पुडीतील चिमूटभर माती जिभेवर ठेवली, क्षणभर डोळे मिटले आणि मान हलविली.

आम्ही एक लहानशी सुरई पसंत केली. किंमत बावीसशे रुपये. फळीवर स्कॅनर होताच. फोन उघडण्यासाठी आम्ही त्यावर अंगठा टेकविला, तसे कारागीर हसून म्हणाले, "तुम्हारा अंगूठा चलता. हमारे कू मशीन पैचानतीच नै." प्रथम आम्हांस हा विनोद वाटला. मग त्यांनी हात पुढे केला. पन्नासएक वर्षे कानस, छिन्नी आणि नवसागर हाताळून बोटांची टोके काचेसारखी सपाट झालेली. ठशाला एक रेघही उरलेली नव्हती. रेशनच्या दुकानात धान्य घेताना अंगठा द्यावा लागतो; यंत्र दर वेळी नकार देते. एकदा तीन दिवस फेऱ्या मारून ते रिकाम्या पिशवीने परतले होते. आता मुलगा हैदराबादेहून घरी येईल त्या दिवशी त्याच्या अंगठ्यावर घरात तांदूळ येतो. हे सांगताना त्यांचा स्वर तक्रारीचा नव्हता; मातीची प्रत सांगावी तसा होता. घरी बसून फोनवर केलेले आमचे सारे विनोद त्या क्षणी आमच्या घशात अडकले.

आम्ही पैसे धाडले. काचेवर एक वर्तुळ फिरू लागले, फिरत राहिले, आणि अखेर आमच्या खात्यातून बावीसशे रुपये गेल्याचा निरोप आला. दुकानातील बोलकी पेटी मात्र गप्प. आम्ही तिच्याकडे पाहिले, कारागिरांनी पाहिले, शेजारचा पानवाला येऊन पाहून गेला. पैसे आमच्याकडून निघाले होते आणि त्यांच्याकडे पोहोचले नव्हते. खिशात पाचशेतले तीनशे दहा शिल्लक होते. आम्ही सुरई फळीवर परत ठेवू लागलो, तर त्या गृहस्थांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्या पिशवीत घातली. मग एक जीर्ण वही पुढे करून नाव लिहावयास सांगितले. त्या पानावर आमच्या आधीची नावे उर्दूत, कन्नडात, तेलुगूत होती. आम्ही खाली बाळबोध अक्षरांत आमचे लिहिले. त्यांचा फोन क्रमांक आम्ही चिठीवर टिपून घेतला.

दुसऱ्या दिवशी कलबुर्गीची गाडी धरली. बीदर ते कलबुर्गी हा एकशे दहा किलोमीटरांचा लोहमार्ग ऑक्टोबर 2017 मध्ये पूर्णपणे खुला झाला. वाटेत मरगुत्तीजवळ दीड किलोमीटरांहून लांब बोगदा लागतो. त्या अंधारातही आम्ही फोनच्या उजेडात बावीसशे रुपयांची वाट पाहत होतो. एका खात्यातून निघून दुसऱ्यात न पोहोचलेले पैसे मधल्या वेळात असतात कोठे, हे कोडे तीन आण्यांच्या एकोणीस पैशांहून कठीण आहे.

गुलबर्ग्याचे नाव नोव्हेंबर 2014 पासून अधिकृतपणे कलबुर्गी झाले. तेथील किल्ल्यात 1367 सालची जामा मशीद आहे; बहुतेक मशिदींना असते तसे मोकळे अंगण तिला नाही, सारी जागा घुमटांखाली झाकलेली. तिच्या गारव्यात बसलो असता फिरिश्त्याच्या बखरीतील एक हकीकत आठवली. याच शहरातून राज्य करणाऱ्या पहिल्या महंमद शाह बहमनीने सोन्याची नवी नाणी पाडली. सराफांना जुनी विजयनगरची नाणी प्रिय. ते नवी नाणी वितळवून टाकू लागले. सुलतानाने ताकीद दिली, ती मानली गेली नाही, तेव्हा त्याने सराफांची कत्तल करविली, असे फिरिश्ता लिहितो. आमच्या कन्येने केवळ बंडीचा खिसा रिकामा केला, हे त्या मानाने सौम्यच म्हणावयाचे.

स्टेशनाबाहेर एक बाई कमलापूरची तांबडी केळी विकत होती. भाव विचारीत असतानाच फोन गुरगुरला. बावीसशे रुपये आमच्या खात्यात परत आले होते. आम्ही केळीवालीच्या शेजारी दगडावर बसलो, चिठी काढली आणि एका महाविद्यालयीन तरुणास अडवून त्याच्याकरवी तो क्रमांक घालून घेतला. अंगठा मात्र आम्हीच टेकविला. या वेळी वर्तुळ फार फिरले नाही. तरीही विश्वास न बसून आम्ही कारागिरांना फोन लावला.

"पैसे आले का?"

"पेटी बोली कुछ तो," ते म्हणाले. "देखता बाद में." मग त्यांनी सुरईची चौकशी केली. प्रवासात घासली तर नाही? पिशवीत वर काही जड ठेवले नाही ना? आम्ही नाही म्हणालो, आणि पिशवीत तिच्यावर ठेवलेली दोन डझन केळी हळूच बाहेर काढली.