आधी ट्रिगर दाबा म्हणे!

टेक्सासमधल्या आमच्या एका मित्राने ग्रीन कार्ड हातात पडल्यावर पहिली मोठी खरेदी काय करावी? पिस्तूल! (एच-१बीवर असताना बहुतेकांना ते घेता येत नाही, त्यामुळे साहेबांनी बरीच वर्षं कळ काढली होती.) मला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. पण शनिवारी सकाळी फोन आला, "अरे, साफ करायला घेतलंय, पण उघडतच नाहीये. तू ये." मी इंजिनियर ना! सॉफ्टवेअरचा, हे सांगून उपयोग नव्हता.

पिस्तूल उघडायला स्क्रू वगैरे काही लागत नाहीत. वरची स्लाइड पुढे सरकून सुटते, मग आतली स्प्रिंग आणि नळी हातानेच निघते. त्यासाठी ट्रिगरच्या जरा वर, फ्रेमच्या दोन्ही बाजूंना नखाएवढी खिट्टी असते, ती दोन्हीकडून खाली ओढायची. साहेब अर्धा तास तेच करत होते. बोटं लाल, स्लाइड जागची हलत नाही. "पीस डिफेक्टिव्ह आहे, परत देतो," इथवर मजल गेली होती.

भानगड वेगळीच होती. या जातीच्या पिस्तुलाला बाहेर दिसणारा घोडा नसतो. आत स्ट्रायकर असतो, अर्धवट ताणलेला आणि ट्रिगरच्या पट्टीने अडवून धरलेला. तो अडकलाय तोवर स्लाइड पुढे सुटत नाही. आणि त्याला सोडवायचा एकच मार्ग, ट्रिगर दाबणं! १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या ग्लॉक १७ मुळे ही रचना जगभर पसरली. म्हणजे साफसफाईची पहिली पायरीच, गोळी झाडताना जे करतो तेच.

"हात्तिच्या, एवढंच?" म्हणून साहेबांनी बोट आत घातलं.

"थांब! चेंबर बघितलंस?"

"मॅगझिन काढलंय की! हे बघ."

मॅन्युअल माझ्या हातात होतं, म्हणून केवळ मी अडून बसलो. मॅगझिन काढलं तरी आधीच चेंबरमध्ये गेलेलं काडतूस तिथेच राहतं. म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड पूर्ण मागे ओढायची आणि चेंबर डोळ्यांनी बघून बोटानेही चाचपायचं. उलटं केलं, म्हणजे आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढलं, तर बाहेर पडलेल्या काडतुसाच्या जागी मॅगझिनमधलं पुढचं येऊन बसतं. दोन ओळींची अदलाबदल, आणि प्रोग्राम क्रॅश नाही होत, माणूस मरतो.

साहेबांनी वैतागत स्लाइड मागे ओढली. टुण्णकन काहीतरी टेबलावर पडलं आणि गडगडत माझ्या कपापाशी आलं.

९ मिमीचं काडतूस.

आदल्या रात्री त्याने पिस्तूल भरून पेटीत ठेवलं होतं आणि सकाळी विसरला होता. नळीचं तोंड भिंतीकडे होतं. इथल्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर जिप्समचे पातळ पत्रे, गोळी आरपार जाते. भिंतीपलीकडे त्याची सात वर्षांची लेक चित्र काढत बसली होती. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

सगळ्याच कंपन्या हे असं करत नाहीत. सिगच्या पी३२० मध्ये मॅगझिन काढून, स्लाइड मागे अडकवल्याशिवाय खोलायची कळ फिरतच नाही, आणि ट्रिगर दाबावा लागत नाही. माझ्या मते डिझाइन असंच हवं. ग्लॉकवाले म्हणतात, नीट तपासणाऱ्याला काही होत नाही. खरंय. पण नीट तपासणारा युजर मी तरी नोकरीत अजून पाहिलेला नाही!

असो. चेंबर तीनदा तपासलं, पिस्तूल रिकाम्या अंगणाकडच्या दिशेला वळवलं, ट्रिगर दाबला. टक्. तरी उघडेना! साहेब स्लाइड चांगली इंचभर मागे ओढत होते. तेवढी ओढली की ट्रिगर पुन्हा पुढे येतो, स्ट्रायकर पुन्हा अडकतो, की पहिल्यापासून सुरुवात. खरं तर जेमतेम तीन मिलिमीटर ओढायची असते. चार बोटं स्लाइडवरून, अंगठा मुठीच्या मागे, आणि नुसतं आवळायचं. नवी स्प्रिंग कडक, त्यामुळे अंदाज चुकतो. चौथ्या खेपेला स्लाइड अलगद हातात आली.

तेवढ्यात वहिनी पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या. कपाशेजारचं काडतूस बघून त्यांनी विचारलं, "हे कुठून आलं?"

आम्ही दोघंही मन लावून स्प्रिंग पुसत होतो.